यूट्यूब ॲप आणि फोनची बॅटरी: सेटिंग्जमध्ये शिरून केलेला रिव्ह्यू

यूट्यूबच्या मोबाइल ॲपचे रिव्ह्यू ढीगभर सापडतील, पण सगळे जाहिरातींवर नाहीतर शिफारशींवर. बॅटरीवर कोणी नीट लिहीत नाही आणि माझ्या मते फोनवर व्हिडिओ बघणाऱ्याला रोज छळणारी गोष्ट तीच आहे. म्हणून हा रिव्ह्यू फक्त तेवढ्याच बाजूनं, की वायफायवर किंवा मोबाइल नेटवर्कवर व्हिडिओ चालू असताना हे ॲप बॅटरी कशी खातं, वाचवायला काय काय देतं आणि जे देतं ते खरंच कामाचं आहे का. ॲण्ड्रॉइड समोर ठेवून लिहितोय, आयफोनवर मेनू थोडे इकडचे तिकडे असतील पण गोष्ट तीच.

मत आधीच सांगून टाकतो. आतलं काम खूप चांगलं केलंय, सोयी भरपूर आहेत, पण त्या चार वेगवेगळ्या मेनूत विखुरल्यात आणि सगळीकडे भाषा डेटाची आहे, बॅटरीची नाही, आणि डेटा वाचला म्हणजे बॅटरी वाचलीच असं अजिबात नसतं.

आधी खर्च कुठे होतो ते बघू. व्हिडिओ बघताना तीन जण बॅटरी खातात: स्क्रीन, रेडिओ (म्हणजे वायफाय किंवा मोबाइल नेटवर्कचा भाग) आणि व्हिडिओ उलगडणारी चिप. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास. फोन सगळं मिळून २ वॅट घेत असेल तर साडेनऊ तासांच्या आसपास चालेल, ३ वॅट घेत असेल तर सहाच्या थोडं वर. म्हणजे एक वॅट इकडेतिकडे झाला की तीन तास गेले, म्हणून मी या छोट्या छोट्या सेटिंगच्या इतका मागे लागतो. तिघांपैकी बहुतेक वेळा स्क्रीन सगळ्यात जास्त खाते, आणि तिच्यावरचा उपाय ॲपमध्ये नाहीच, ब्राइटनेसची पट्टी खाली ओढणं हाच आहे. बाकी काहीच करायचं नसेल तर एवढं करा, फरक पडतो.

आता ॲपमधली माझी सगळ्यात आवडती सोय, स्टॅट्स फॉर नर्ड्स. सेटिंग्जमध्ये जनरलखाली हे चालू करायचं, मग व्हिडिओ चालू असताना गिअरच्या मेनूतून उघडायचं, की व्हिडिओवर एक काळपट चौकट येते आणि त्यात बारीक अक्षरात सगळं चालू असलेलं दिसतं. बहुतेक लोक हे बघून लगेच बंद करतात, पण बॅटरीची काळजी असेल तर या चौकटीतल्या दोनच गोष्टी बघायच्या.

पहिली म्हणजे कोडेक, म्हणजे व्हिडिओ गुंडाळून लहान करायची आणि परत उलगडायची पद्धत. एव्हीसी१ दिसलं तर तो एच.२६४, २००३ सालचा, आज वापरात असलेल्या जवळपास प्रत्येक फोनच्या चिपमध्ये त्याच्यासाठी वेगळं हार्डवेअर असतं. व्हीपी०९ म्हणजे व्हीपी९, २०१३ चा, त्यालाही गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक फोनमध्ये हार्डवेअर आहे. एव्ही०१ म्हणजे एव्ही१, २०१८ चा, आणि खरी गंमत इथे आहे. एव्ही१ तेवढंच चित्र कमी डेटात देतो म्हणून नेटवर्कसाठी तो उत्तम, पण तो उलगडायला चिपला जास्त कष्ट पडतात. चिपमध्ये त्याच्यासाठी खास जागा असेल तर ते कष्ट जाणवत पण नाहीत, नसेल तर तेच काम मुख्य प्रोसेसरला सॉफ्टवेअरनं करावं लागतं आणि मग फोन कोमट व्हायला लागतो. गुगलच्या टेन्सर चिपमध्ये पहिल्यापासून म्हणजे २०२१ पासून एव्ही१ चं हार्डवेअर आहे, स्नॅपड्रॅगन चिपच्या वरच्या मालिकेत ८ जेन २ पासून, आणि आयफोनमध्ये १५ प्रोपासून. तुमचा फोन त्याआधीचा असेल आणि चौकटीत एव्ही०१ दिसत असेल तर डेटा वाचतोय पण प्रोसेसर घाम गाळतोय असं समजा. डेटा आणि बॅटरी वेगळ्या गोष्टी आहेत हे मी वर म्हटलं ते यामुळेच. दुर्दैवानं मोबाइल ॲपमध्ये कोडेक निवडायचा पर्याय नाही, ॲप स्वतःच ठरवतं. बहुतेक वेळा ते फोन बघून बरोबर ठरवतं, पण वापरणाऱ्याच्या हातात ते असायला हवं होतं. यावर एक मार्ग असा की रिझोल्यूशन एक-दोन पायऱ्या खाली आणायचं, म्हणजे सॉफ्टवेअरनं उलगडावं लागलं तरी काम कितीतरी कमी होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढचे किती सेकंद आधीच फोनमध्ये येऊन पडलेत तो आकडा. हा आकडा थोडा वेळ बघत बसा. तो हळूहळू उतरत जातो, मग एकदम वर उडी मारतो, परत उतरतो, परत उडी. व्हिडिओ म्हणजे सतत वाहणारी धार नाहीये, तो तुकड्यातुकड्यानं येतो. ॲपल एचएलएस नावाची अशी तुकड्यांची पद्धत घेऊन आली २००९ मध्ये, त्यासाठीच डॅश नावाचं मानक झालं २०१२ मध्ये, तेव्हापासून जवळपास सगळ्या सेवा असेच काही सेकंदांचे तुकडे करून साध्या वेबच्या मार्गानं पाठवतात. आकडा उतरत असतो तेव्हा रेडिओला काही काम नसतं, उडी मारतो तेव्हा रेडिओ जोरात चाललेला असतो. बॅटरीचा सगळा खेळ या दोनच्या मधल्या शांत वेळात आहे, कारण त्या वेळात रेडिओ झोपला तर वाचवलं आणि नाही झोपला तर त्या शांततेचा काही उपयोग नाही.

आणि इथे वायफाय आणि मोबाइल नेटवर्क यांच्यात खूप फरक आहे. वायफायमध्ये झोपायची सोय १९९७ च्या पहिल्या मानकापासून आहे. राउटर साधारण दर १०० मिलिसेकंदांनी एक छोटी हाक देतो, त्यात कोणासाठी सामान आलंय त्याची यादी असते, फोन तेवढ्यापुरता जागा होतो, आपलं नाव नसेल तर परत झोपतो, आणि तोवर त्याचं सामान राउटर सांभाळून ठेवतो. वायफाय ६ मध्ये याच्याही पुढे जाऊन फोन आणि राउटर आधीच ठरवून घेऊ शकतात की आता अमुक वेळानं भेटू, म्हणजे मधल्या हाकांनाही उठायला नको, पण त्यासाठी फोन आणि राउटर दोघांनाही ते यायला लागतं. एकूण काय तर वायफायवर तुकडा आला की रेडिओ पटकन झोपतो.

मोबाइल नेटवर्कवर तसं नाही. फोरजीवर शेवटचा डेटा येऊन गेला तरी जोडणी लगेच सुटत नाही, फोन अजून काही येईल म्हणून थांबून राहतो, आणि किती थांबायचं ते फोन नाही तर नेटवर्क चालवणारी कंपनी ठरवते, साधारण दहा-बारा सेकंद धरून चला. या थांबण्याच्या वेळातही मधूनमधून डुलक्या घ्यायची सोय आहे पण पूर्ण झोपेच्या मानानं खर्च बराच जास्त असतो. आता हिशोब करा, तुकडा दर पाच सेकंदांनी येत असेल तर दहा सेकंदांचं थांबणं कधी संपणारच नाही, म्हणजे अख्खा व्हिडिओभर रेडिओ जागा. तेच मोठा साठा एकदम आणून मग मिनिटभर गप्प बसलं तर त्यातली बरीचशी सेकंदं झोपेची. पाण्याची टाकी एकदा भरून मोटर बंद करायची की दर तांब्याला मोटर लावायची, एवढाच हा प्रश्न आहे.

सिग्नल कमजोर असेल तर हे सगळं अजून बिघडतं. एकच दांडी दिसत असेल तर तेवढाच डेटा यायला जास्त वेळ लागतो, म्हणजे रेडिओ जास्त वेळ जोरात चालतो, आणि फोनला टॉवरपर्यंत आपला आवाज पोचवायला ताकद वाढवावी लागते ती वेगळी. चालत्या गाडीत व्हिडिओ बघताना बॅटरी का पळते याचं बरंचसं उत्तर हेच आहे. घरातसुद्धा राउटरपासून दोन भिंती पलीकडच्या खोलीत बसून बघणं आणि राउटरच्याच खोलीत बसून बघणं यात फरक असतो, स्टॅट्सच्या चौकटीत बँडविड्थचा (डेटा येण्याच्या वेगाचा) आकडा बघत खोल्या बदलून पाहा, लगेच कळतं.

आता एवढं डोक्यात ठेवून ॲपच्या सोयींकडे बघू.

व्हिडिओ क्वालिटी प्रेफरन्सेस या सेटिंगमध्ये वायफायसाठी वेगळं आणि मोबाइल नेटवर्कसाठी वेगळं निवडता येतं, ऑटो, जास्त चांगलं चित्र, आणि डेटा सेव्हर. हे दोन वेगळे ठेवलेत ते फार छान केलंय, कारण उत्तर खरंच दोन्हीकडे वेगळं आहे. जवळच्या चांगल्या वायफायवर क्वालिटी खाली आणून बॅटरी फार वाचत नाही, तिथे स्क्रीनच सगळं खात असते, उगाच धूसर चित्र बघायची शिक्षा कशाला. पण मोबाइल नेटवर्कवर आणि त्यातही कमजोर सिग्नलवर डेटा सेव्हर ठेवलाच पाहिजे. मी मोबाइल नेटवर्कला डेटा सेव्हर आणि वायफायला ऑटो असं ठेवलंय. अजून एक बारकी गोष्ट जी कोणी सांगत नाही: यूट्यूबवर ६० फ्रेमचे (सेकंदाला ६० चित्रं दाखवणारे) व्हिडिओ ७२०पी आणि त्याच्या वरच असतात. म्हणजे ४८०पी वर आलात की चित्र लहान होतंच, वर सेकंदाला उलगडायच्या फ्रेमही ६० च्या ३० होतात. खेळाचे किंवा गेमिंगचे व्हिडिओ बघणाऱ्यांना हे लागू पडतं. फक्त ॲडव्हान्स्ड मध्ये जाऊन ठराविक रिझोल्यूशन निवडलं तर ते त्या एका व्हिडिओपुरतंच राहतं, पुढच्याला परत करा, ही मांडणी मला पटत नाही. एचडीआर (जास्त उजळ, जास्त रंगांच्या) व्हिडिओकडेही लक्ष असू द्या, बऱ्याच फोनवर एचडीआर लागलं की स्क्रीनची चमक आपोआप वाढते, आणि स्क्रीनचं काय ते वर सांगितलंच.

सगळ्यात मोठी सोय मात्र डाउनलोड, निर्विवाद. वायफायवर, फोन चार्जिंगला असताना, व्हिडिओ एकदम उतरवून घ्यायचा आणि नंतर बाहेर पडल्यावर बघायचा. बघताना रेडिओचा खर्च त्या व्हिडिओपुरता जवळजवळ शून्य, सिग्नल असो नसो, बोगदा येवो काहीही होवो. वरचं सगळं टाकी आणि मोटरचं गणित इथे कायमचं सुटतं. प्रीमियम (यूट्यूबची पैसे भरून घ्यायची योजना) घेतलं असेल तर ही सोय पूर्ण मिळते, आणि स्मार्ट डाउनलोड चालू ठेवलं तर ॲप स्वतःहून काही व्हिडिओ वायफायवर आणून ठेवतं, पण त्याची निवड आपल्याला बघायचं असेल तीच असेल असं नाही म्हणून मी हातानंच करतो. नेटफ्लिक्सनं डाउनलोड नोव्हेंबर २०१६ मध्ये आणलं आणि आता बहुतेक सगळ्याच सेवांमध्ये ते आहे, तर लांबच्या प्रवासाला निघताना कुठलीही सेवा वापरत असाल तरी आदल्या रात्री हे करून ठेवा. विमानात किंवा गाडीत डाउनलोड केलेलं बघताना एअरप्लेन मोडही लावता येतो, मग फोन टॉवर शोधत बसण्यातही काही घालवत नाही.

दुसरी मोठी सोय बॅकग्राउंड प्ले, म्हणजे स्क्रीन बंद करून आवाज चालू. भाषणं, मुलाखती, गाणी, यातल्या निम्म्या गोष्टींना चित्र लागतच नाही. स्क्रीन बंद म्हणजे सगळ्यात मोठा खाणारा गेला, चित्र उलगडायचं काम गेलं, आणि आवाजाचा डेटा चित्राच्या तुलनेत इतका थोडा असतो की रेडिओलाही आराम. हीसुद्धा सहसा प्रीमियमचीच सोय आहे. जाहिराती नकोत म्हणून लोक प्रीमियम घेतात पण माझ्या मते डाउनलोड आणि बॅकग्राउंड प्ले या दोन गोष्टी बॅटरीच्या हिशोबानं जास्त मोलाच्या आहेत, रोज दोन-तीन तास ऐकणाऱ्याला तर नक्कीच.

डार्क थीमबद्दल जरा गैरसमज दूर करायला पाहिजे. ओएलईडी स्क्रीनवर काळा पिक्सेल म्हणजे बंद पिक्सेल, त्यामुळे तिथे फायदा आहे, एलसीडीवर मागचा दिवा जळतच असतो त्यामुळे नाही. पण किती फायदा? पर्ड्यू विद्यापीठातल्या लोकांनी २०२१ मध्ये ओएलईडी फोनवर मोजलं तर ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला सरासरी ३ ते ९ टक्केच वाचतं, पूर्ण १०० टक्के ब्राइटनेसला मात्र ३९ ते ४७ टक्के. म्हणजे भर उन्हात स्क्रीन फुल करून ॲप चाळत असाल तर डार्क थीम खूप कामाची, घरात मंद उजेडात थोडीशीच. आणि व्हिडिओ फुल स्क्रीन केला की थीमचा संबंधच संपला, तिथे जे चित्र आहे ते आहे. अँबियंट मोड नावाचा प्रकार २०२२ मध्ये आला, डार्क थीममध्ये व्हिडिओच्या कडेनं त्याच्याच रंगांची मंद आभा पसरवणारा, दिसायला सुंदर आहे पण जे पिक्सेल काळे राहिले असते ते तो उजळवतो, तेव्हा बॅटरी कमी असताना गिअरच्या मेनूतून बंद करा.

जी एक गोष्ट सगळ्यांनी आत्ताच जाऊन बदलावी असं मला वाटतं ती म्हणजे प्लेबॅक इन फीड्स. होम पानावर नुसतं खालीवर करताना बोट थांबलं की व्हिडिओ आवाजाशिवाय आपोआप सुरू होतो, तेच हे. न बघायच्या व्हिडिओचेही तुकडे येतात, रेडिओ परत परत उठतो. याला फक्त वायफाय किंवा पूर्ण बंद असे दोन्ही पर्याय आहेत, मी पूर्ण बंद केलंय आणि काहीही अडत नाही. शॉर्ट्सचंही तसंच, दर काही सेकंदांनी नवीन व्हिडिओ म्हणजे रेडिओला शांत वेळ मिळतच नाही, बॅटरी १५ टक्क्यांवर आली असेल तर मोबाइल नेटवर्कवर शॉर्ट्स चाळण्यापेक्षा एक सलग व्हिडिओ बघितलेला परवडतो.

कास्टची, म्हणजे फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ लावायची सोय मला मनापासून आवडते आणि तीही बॅटरीच्या दृष्टीनं फार कमी लोकांनी ओळखलीय. क्रोमकास्ट २०१३ मध्ये आलं तेव्हापासून पद्धत अशी की फोन टीव्हीला फक्त सांगतो काय लावायचं, व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून आणतो, फोन नुसता रिमोट, स्क्रीन बंद करून खिशात टाका. याच्या उलट स्क्रीन मिररिंग केलं, मिराकास्टसारखं, तर फोनला व्हिडिओ आणायचा, उलगडायचा, स्क्रीनवर दाखवायचा, तीच स्क्रीन परत व्हिडिओत गुंडाळायची आणि वायफायवरून पाठवायची असं सगळं करावं लागतं. दोन्हीत टीव्हीवर चित्र सारखंच, बॅटरीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. ॲपमध्ये कास्टचं चिन्ह दिसत असेल तर मिररिंगला हात लावायचं कारण नाही.

लाइव्ह व्हिडिओला मात्र ॲप फार काही करू शकत नाही आणि ते समजण्यासारखं आहे. जे अजून घडलंच नाही ते आधी आणून कसं ठेवणार, साठा लहानच राहतो, तुकडे सारखे येत राहतात. सामना बघायचा असेल तर वायफायजवळ बसणं आणि क्वालिटी एक पायरी खाली, एवढंच.

फोनच्या स्वतःच्या बॅटरी सेव्हरबद्दल दोन शब्द, कारण तो ॲपसोबत चालतो. आयफोनचा लो पॉवर मोड २०१५ मध्ये आयओएस ९ बरोबर आला, ॲण्ड्रॉइडवर त्याच्या आधीपासून आहे. व्हिडिओ बघताना हे मोड लावून काही बिघडत नाही, उलट १२० हर्ट्झची (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी) स्क्रीन ६० वर आणली जाते तिथे फायदाच, व्हिडिओ २४ किंवा ३० फ्रेमचा असताना १२० चं काय करायचं. पण बॅटरी बूस्टर, बॅटरी डॉक्टर वगैरे नावाची वेगळी ॲप मिळतात ती टाकू नका. त्यांना ना कोडेक बदलता येतो, ना बफर (आधी आणून ठेवलेला साठा), ना नेटवर्कचा टायमर (तो थांबायचा वेळ), बाकीची ॲप बंद करतात आणि ती ॲप परत सुरू होण्यात उलट जास्त जातं, वर त्यांच्या स्वतःच्या जाहिराती रेडिओ उठवतात.

तक्रार एकच पण मोठी आहे. चालू कोडेक कुठला, तो हार्डवेअरवर चाललाय की नाही, साठा किती, वायफाय आहे की मोबाइल नेटवर्क, हे सगळं ॲपला त्या क्षणाला माहीत असतं, बॅटरी किती उरली तेही फोनला विचारता येतं. तरी क्वालिटीच्या पर्यायांत डेटा सेव्हर आहे आणि बॅटरी सेव्हर नाही. एक बटण असावं, ते दाबलं की फोनच्या हार्डवेअरला सोपा असेल तोच कोडेक घ्यायचा, ६० फ्रेम टाळायच्या, एचडीआर आणि अँबियंट बंद, फीडमधलं आपोआप चालणं बंद, आणि व्हिडिओचा मोठा तुकडा एकदम आणून रेडिओला गप्प बसू द्यायचं. शेवटच्यात एक अडचण आहे ती मान्य, माणसानं व्हिडिओ मध्येच सोडला तर आणलेला डेटा वाया जातो, म्हणून सेवा साठा मर्यादित ठेवतात. पण एक तासाचं भाषण वीस मिनिटं सलग बघितलेला माणूस पुढचंही बघेल असं धरायला हरकत नसावी, आणि ज्याला डेटापेक्षा बॅटरी जास्त प्यारी आहे त्याला ते ठरवू द्या. पाचपैकी चार स्टार देतोय, एक कापलाय तो पूर्णपणे या न दिलेल्या बटणासाठी.